आधी तान, मग माप

संगीत नाटकाचे कपडे शिवायला घेतलेत, तर टेप हातात घेण्याआधी गायिकेला एक पद म्हणायला सांगा. तोंडातल्या तोंडात नको. पेटीवर, पूर्ण आवाजात, तिच्या वाट्याची सगळ्यात लांब तान ज्यात आहे ते पद. तुम्ही समोर बसा आणि तिच्या बरगड्यांकडे बघा. चांगली गायिका श्वास घेते तेव्हा तिचे खांदे वर जात नाहीत. खालच्या बरगड्या बाजूंना उघडतात, बेंबीच्या वरचा भाग पुढे येतो. आणि आपण कपडे शिवणारी माणसं नेमकी तिथेच नाडी आवळतो, इलॅस्टिक घालतो, चोळीची गाठ मारतो.

माझ्या मामाचा सांगलीत कपडेपट होता. पत्र्याच्या अकरा ट्रंका, एक पायमशीन आणि भिंतीला टांगलेले मुकुट. त्याच्या हाताखाली मी शिकले. त्याच्यामागे एकटीने केलेलं पहिलं काम म्हणजे हौशी मंडळींच्या ‘सौभद्रा’तली सुभद्रा. मी तिला शिवलेली नऊवारी दिली, कमरेला दोन इंची कडक पट्टा, मागे तीन हूक. आरशात ती फार देखणी दिसत होती. दुसऱ्या अंकात पद संपवून विंगेत आली, भिंतीला टेकली आणि म्हणाली, “ताई, श्वास खालपर्यंत जातच नाहीये. तान मध्येच तुटतेय.” मी तिथेच पट्टा उसवला, वरून सुती दोरी बांधली, पदर ओढून झाकलं आणि तिला परत पाठवलं. पुढच्या पदात तिचा आवाज मोकळा झाला. तो मी विंगेत उभी राहून ऐकला आणि मला रडू आलं.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक गाणाऱ्याची कंबर आणि छाती दोनदा लिहिलेली असते. एक रिकाम्या श्वासाची, एक भरल्या श्वासाची. बहुतेकांचा फरक दीड ते अडीच इंच येतो. कपडा भरल्या श्वासावर बेतायचा. तिसरं माप मांडी घालून बसल्यावर घ्या, कारण या नाटकांत बसून गाणं बरंच असतं, आणि बसल्यावर पोट वेगळीच जागा मागतं.

कुठला ‘जुना’ काळ?

“ताई, जुन्या स्टाइलचे कपडे हवेत,” असं म्हणत मंडळी येतात. मी विचारते, किती साली जुने? अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० मधलं, ‘सौभद्र’ १८८२ मधलं. देवलांचं ‘शारदा’ १८९९ चं. ‘मानापमान’ १९११, ‘स्वयंवर’ १९१६, ‘एकच प्याला’ १९१९, आणि ज्योत्स्ना भोळ्यांनी गाजवलेलं ‘कुलवधू’ १९४२ चं. या साठ वर्षांत मराठी बाईचा पोशाख पार बदलला. सुरुवातीला नऊवारी लुगडं आणि पुढे गाठ मारलेली खणाची चोळी. मग शिकल्यासवरल्या घरांतून लांब बाह्यांचं, गळ्याला आणि मनगटाला लेस लावलेलं पोलकं आलं. पुढे पाचवारी गोल साडी आली, आणि चाळीसच्या दशकात फुग्याच्या बाह्या. ‘कुलवधू’च्या नायिकेला खणाची चोळी घातलीत तर ती स्वतःच्या आजीसारखी दिसेल.

पौराणिक नाटकात आणखी एक गाठ आहे. ‘सौभद्रा’ची गोष्ट द्वारकेची. पण किर्लोस्कर मंडळीची सुभद्रा महाभारतकालीन वस्त्रांत कुठे होती? ती त्या काळच्या श्रीमंत मराठी घरातल्या सुनेसारखी भरजरी लुगड्यात होती. म्हणून जुन्या पद्धतीचं ‘सौभद्र’ करताना आपल्याला द्वारका उभी करायची नसते, त्या रंगभूमीने मनात पाहिलेली द्वारका उभी करायची असते. हे दिग्दर्शकाशी पहिल्याच बैठकीत बोलून घ्या. टीव्हीवरच्या मालिकांतले चमकते लेहेंगे आणि उघडे खांदे या द्वारकेत शोभत नाहीत, आणि एकदा कापड फाडलं की हा वाद मिटत नाही.

काळ्या-पांढऱ्या फोटोतला रंग

बालगंधर्वांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. भामिनी, रुक्मिणी, सिंधू, अशा त्यांनी केलेल्या स्त्रीभूमिकांतले. त्या फोटोंवरून रंग ठरवताना मी वर्षानुवर्षं फसत होते. बरीचशी लुगडी काळीभोर दिसतात, म्हणून मी काळ्या चंद्रकळा शोधत फिरायची. मग एका छायाचित्रकार गृहस्थांनी समजावलं की त्या काळच्या काचेवरच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल असेल ते काळं उमटायचं, आणि निळं असेल ते फिकट, कधी पांढरंसुद्धा. पुरावा फोटोतच असतो. नायिकेच्या कपाळावरचं कुंकू बघा, ते काळं ठिपक्यासारखं दिसतं. म्हणजे तिच्या अंगावरचं ‘काळं’ लुगडं कदाचित डाळिंबी असेल, कुंकवाच्या रंगाचं असेल. आणि ‘पांढरा’ शेला आकाशी असू शकेल.

आज याची परीक्षा घरी घेता येते. निवडलेल्या साडीचा फोनवर फोटो काढा, फोटो बदलायच्या अॅपमध्ये आधी निळा फिल्टर लावा, मग तो काळा-पांढरा करा. लाल काठ काळा पडेल, निळं अंग उजळेल. असं केलेलं चित्र जुन्या फोटोशेजारी ठेवून मी कितीतरी लुगडी निवडली आहेत.

खरे रंग बघायचे तर चित्रांकडे जा. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या रंगीत चित्रांनी त्या पिढीच्या डोळ्यांपुढे देवी आणि पुराणातल्या नायिका उभ्या केल्या. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घरगुती बायकांसाठी मात्र मी महादेव विश्वनाथ धुरंधरांची चित्रं बघते. निऱ्या कशा पडतात, पदर डोक्यावर किती येतो, कामाला वाकलेल्या बाईचा कासोटा कसा ताणतो, हे त्यांच्याइतकं नीट कुणी पाहिलेलं नाही. पुण्याला गेलात तर राजा केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रं आणि दागिने बघा, आणि बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, तैलचित्रं. स्त्रीवेशातल्या चित्रापुढे मी दर वेळी पंधरा मिनिटं तरी उभी राहते. बघायचं ते सौंदर्य आहेच, पण शिवणाऱ्याने पदर कुठे सैल सोडलाय आणि कुठे धरलाय ते बघावं.

लुगडं, चोळी, पदर

नऊवारी म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटरच्या आसपास. दुकानात ‘नऊवारी’ म्हणून आखूड कापड गळ्यात मारतात, म्हणून मोजून घ्या. उंच किंवा भरल्या अंगाच्या कलावंताला अर्धा मीटर कमी पडला तर कासोटा मागे टिकत नाही.

खरी पैठणी रंगमंचावर फार शोभते. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीने भरजरी शालू-पैठण्यांवर, देखाव्यांवर पाण्यासारखा पैसा खर्च केला, प्रेक्षकांतल्या बायका ती लुगडी, ते केस, ते गजरे बघून तसंच नटू लागल्या, आणि कंपनी कर्जातही बुडाली. हौशी संस्थेला एवढ्याची गरज नाही. दहाव्या रांगेतून मोर आणि आसावलीची वेल वेगळी दिसत नाही, काठाची रुंदी दिसते. चार इंचांहून कमी काठ रंगमंचावर हरवतो. त्यामुळे साधं रेशमी-सुती अंग आणि रुंद जरीकाठ घ्या. दासींसाठी, कामकरी बायकांसाठी इरकल. तिच्या टोपपदराचा तांबडा-पांढरा रंग लांबूनही बोलतो. इरकल इलकलची, खण गुळेदगुड्डचा, दोन्ही गावं आमच्यापासून फार लांब नाहीत. मी वर्षातून एकदा एसटीने जाऊन खणांचा गठ्ठा आणते.

माझं मत विचाराल तर मुख्य गायिकेला शिवलेली नऊवारी देऊ नका. नेसवा. नेसलेलं लुगडं गाठीवर आणि ओच्यावर उभं असतं, ते श्वासाबरोबर थोडं सरकतं आणि परत बसतं. गाठ बेंबीवर नको, तीन बोटं खाली मारा, आणि ती मारताना गायिकेला श्वास भरून धरायला सांगा. भराभर कपडे बदलायचे असतील आणि शिवलेलीला पर्याय नसेल, तर पट्टा कमरेवरून काढून नितंबांच्या हाडांवर आणा. इलॅस्टिकऐवजी नाडी घाला. निऱ्या आणि कासोटा वेगवेगळ्या पट्ट्यांवर शिवा, म्हणजे बसताना एक दुसऱ्याला ओढणार नाही.

चोळीचं सगळं गणित काखेत आहे. हात वर करून अभिनय करताना चोळी उचलली जाते, ती मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, मोठा ठेवला म्हणून. लोकांना वाटतं मोठा मुंढा म्हणजे मोकळा हात. उलट आहे. मुंढा काखेच्या अगदी जवळ, उंच कापा आणि काखेत चौकोनी कळी घाला, तिरक्या कापडाची. मग हात डोक्यावर गेला तरी चोळीची खालची कड जागची हलत नाही. पुढची गाठ खरी ठेवू नका. आतून हुकांची पट्टी करा आणि गाठ वरून शोभेला टाका. हुकांना दोन ओळी हव्यात. प्रयोगाच्या रात्री जेवण झालेलं असतं, पोट फुगलेलं असतं, तेव्हा दुसरी ओळ कामाला येते.

त्या काळच्या घरंदाज बायका पदर दोन्ही खांद्यांवरून घेत. तो पदर रंगमंचावर सतत घसरतो आणि नवशिक्या नट्या गाताना तो सावरत बसतात. डाव्या खांद्यावर आतून एक सेफ्टी पिन, आणि उजव्या खांद्यावर पिन न लावता फक्त दोऱ्याचा सैल टाका, अंगठ्याएवढी फट सोडून. पदर राहतो आणि खांदाही मोकळा राहतो. पण तालमीत नटीला पदर सावरायला शिकवाच. ठरवून, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सावरलेला पदर मी पाहिलाय. सभागृहातून वाहवा आली होती.

पुरुषांचं थोडक्यात सांगते. अंगरख्याचे बंद छातीवर घट्ट आवळतात, ते सैल ठेवून आत एक टिचबटण लावा. पगडी किंवा पागोटं कानांवर येऊ देऊ नका. कान झाकले की गायकाला ऑर्गन नीट ऐकू येत नाही, मग तो सुरात कमी पडला की दोष त्याला लागतो. ‘सौभद्रा’त अर्जुन संन्याशाच्या वेषात वावरतो. त्याची भगवी छाटी राजवेषावर चढवायची असेल तर आतला राजवेष बिनअस्तराचा शिवा, नाहीतर तो घामाने निथळतो. आणि वेल्क्रो कुठेही नको. विंगेत ओढलेला वेल्क्रो माइकवर फाडल्यासारखा ऐकू येतो.

दागिने आणि माइक

ठुशी आणि चिंचपेटी गळ्याच्या घाटीला घट्ट बसतात. तिथेच आवाज तयार होतो. दोन्हींचा दोरा दीड इंच वाढवून घ्या, म्हणजे त्या घाटीच्या खाली बसतील. दाबाची नथ नाकपुडी चिमटते. नथ मोत्यांची, हलकी, आणि तिचा दाब नाकपुडीच्या कडेवर बसवा, आत नाही. त्या नथेने एक दीर्घ श्वास घेऊन बघायला सांगा. श्वासाला शीळ वाजली तर नथ बदला.

माइक आजकाल केसांच्या रेषेत किंवा गळ्याशी लपवतात. मोहनमाळेचे मणी, बांगड्या, कडक टिश्यूचा पदर, सगळं त्यात वाजतं. म्हणून रंगीत तालमीला खरे दागिने आणि खरा माइक दोन्ही असावेत, एक असून चालत नाही. नऊवारीखाली परकर नसतो, मग माइकचा डबा खोचायचा कुठे? मी मांजरपाटाची छोटी पिशवी शिवते आणि कासोट्याच्या डाव्या अंगाला, बंदाने वेगळी बांधते. कासोट्यातच खोचलात तर त्याच्या वजनाने कासोटा सुटतो. हे एका मुलीच्या बाबतीत भर प्रयोगात झालंय, तिचा चेहरा मला अजून आठवतो.

सिंधूचं लुगडं

‘एकच प्याला’तल्या सिंधूची साडी हा माझ्या मते मराठी कपडेपटातला सगळ्यात अवघड भाग. नवऱ्याच्या व्यसनापायी घर बसत जातं, आणि ते बसणं प्रेक्षकांना तिच्या अंगावर दिसायला हवं. इथे नवं कापड फाडून ठिगळं लावण्याचा मोह होतो. तसं केलं की ते नाटकी दिसतं, कारण खरं कापड तसं फाटत नाही.

चांगल्या दिवसांतल्या सिंधूच्या साडीसारखीच दुसरी साडी घ्या. तोच रंग, तोच काठ. ती गरम पाण्यात सोडा घालून चार-पाच वेळा धुवा, ओली असतानाच उन्हात वाळवा. मग काथाच्या पातळ पाण्यात बुडवा. चहाचं पाणीही चालतं, पण काथाचा तपकिरी जास्त खरा दिसतो. हळद वापरू नका, दिव्याखाली ती हिरवट दिसते आणि उन्हात उडते. नंतर झिजवा, पण जिथे बाई खरोखर झिजवते तिथेच. निऱ्यांच्या खालची कड, कारण ती जमिनीवर घासते. डाव्या कमरेवर, जिथे मूल बसतं. पदराचं टोक, कारण त्याने ती हात पुसते, भांडं धरते, डोळे टिपते. खरखरीत दगडाने घासा, कात्री लावू नका. ठिगळ एकच ठेवा, आणि ते नीटनेटकं, बारीक टाक्यांनी शिवलेलं असू द्या. सिंधू घरंदाज आहे, ती ठिगळसुद्धा मन लावून शिवेल. हे मामाने सांगितलेलं, आणि इतक्या वर्षांत मी एकदाही बदललं नाही.

दिवे

कपडे दुकानाच्या पांढऱ्या ट्यूबखाली निवडू नका. ही नाटकं गॅसबत्त्यांच्या पिवळ्या उजेडात जन्मली, जरी तिथे मधासारखी दिसायची. आताचे थंड पांढरे एलईडी दिवे स्वस्त जरीला पितळ करून टाकतात आणि अंजिरी रंग मातकट. प्रकाशयोजना करणाऱ्याला ३२०० केल्विनच्या आसपासचा पिवळा उजेड मागा, आणि साड्यांचे तुकडे घेऊन एक संध्याकाळ नाट्यगृहात काढा. शेवटच्या रांगेत बसून बघा. कृष्णाचा पीतांबर पिवळट उजेडात पांढरा पडतो, म्हणून तो मी हळदीपेक्षा दोन छटा गडद, जवळजवळ केशरी घेते.

पडद्यावर बघताना

सिनेमात हे सगळं उलटं होतं. कॅमेरा एका हाताच्या अंतरावर येतो, तिथे काठाची रुंदी नाही, टाका दिसतो. २०११ सालच्या ‘बालगंधर्व’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातली पदं आनंद भाटे यांनी गायली, पडद्यावर दिसतात सुबोध भावे. म्हणजे ज्याच्या अंगावर शालू आहे त्याला तानेसाठी श्वास लागत नाही, आणि ज्याला लागतो त्याच्या अंगावर शालू नाही. शिवणाऱ्यासाठी ही मोठी मोकळीक आहे. तरीही पडद्यावरच्या नटाने तान घेतली असं वाटायला त्याच्या बरगड्या हलल्याच पाहिजेत. जुना संगीतपट बघताना पदाच्या आधीचा तो एक क्षण पकडा आणि पदराखाली काय हलतं ते बघा. मी कितीतरी चित्रपट केवळ त्यासाठी दोनदा पाहिलेत. रंगमंचावर बघताना हीच नजर ठेवा. गायिका पद सुरू करण्याआधी कमरेशी हात नेऊन काही सैल करते का? करत असेल, तर तिचा कपडा शिवणाऱ्याने तान ऐकलेली नाही.

प्रयोग संपल्यावर

घामट कपडे तसेच ट्रंकेत कोंबू नका. रात्रीच उलटे करून दोरीवर टाका, उन्हात नको. जरीवर अत्तर मारू देऊ नका. नारायणराव अत्तराचे मोठे शौकीन होते, हे मला रंगपटात हमखास कुणीतरी ऐकवतं, तरी मी बाटली काढून घेते. अत्तर हवं तर कानामागे लावा. जरीची लुगडी मलमलच्या जुन्या धोतरात गुंडाळा, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो. दर दोन-तीन महिन्यांनी घड्या बदला, नाहीतर जरी घडीवरच तुटते.

आणि प्रत्येक कपड्याला आतून सुती पट्टी टाचा. तिच्यावर नाटक, भूमिका आणि दोन आकडे लिहा, रिकाम्या श्वासाचा आणि भरल्या श्वासाचा. मामाच्या ट्रंकेतल्या एका जुन्या अंगरख्यात मला अशीच पट्टी सापडली होती. शाई फिकी पडलेली, आकडे दोनच, आणि दुसऱ्या आकड्यापुढे त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, ‘गाताना’.